पहिल्या शब्दाचा कुंदा

समर्थ पालथा पडला तेव्हा प्रेमलाबाईंनी पुरणपोळ्या वाटल्या. बसायला लागला तेव्हा रव्याचे लाडू वाटले. रांगत रांगत त्यानं उंबरा ओलांडला तेव्हा उंबऱ्यावर नारळ फोडून गल्लीभर खोबरं दिलं. त्यांच्या घराण्यातली रीतच होती ती. पोरगं एखादी पायरी चढलं की शेजाऱ्यांचं तोंड गोड करायचं. आणि शेजाऱ्यांनी एकदा खाल्लं की ती पायरी पोराला परत उतरायची सोय नाही.

सीमाभागात, सदलग्याच्या अलीकडच्या त्या गावात पोरांच्या वाढीबद्दल प्रेमलाबाईंचा शब्द शेवटचा. त्यांची शाळा दुसरीपर्यंत, तीही मधून मधून. पण स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्यांनी खिळ्यानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. लेकाच्या, लेकीच्या, नातीच्या. कुठली रेघ कुणाची आणि कितव्या वर्षाची, हे लिहायची गरज नव्हती, डोक्यात होतं. नियमही डोक्यातच. सहाव्या महिन्यात बसलं नाही ते पोरगं आळशी. वर्षात चाललं नाही ते कडेवर घेऊन नासवलेलं. आणि दीड वर्षात बोललं नाही तर ते सुनेच्या माहेरावर गेलेलं.

शेजारच्या अक्काताईच्या नातवाला दात उशिरा आले तेव्हा प्रेमलाबाई म्हणाल्या होत्या, "असू दे गं, असू दे. उशिरा आल्यात, म्हातारपणी तरी टिकतील."

अक्काताई हे विसरली नव्हती.

यंदा एकाच रेघेनं प्रेमलाबाईंना दगा दिला होता. नात पूर्णिमा तेरा वर्षांची झाली आणि तिची रेघ आजीच्या रेघेच्या वर गेली. प्रेमलाबाईंनी दोनदा मोजायला लावलं. मग म्हणाल्या, "चौकट खचली असंल." पूर्णिमानं डोळे फिरवले. हल्ली ती बोलण्यापेक्षा डोळेच जास्त फिरवायची. त्या वयाचा तोही एक नियम, पण तो प्रेमलाबाईंना मान्य नव्हता.

पूर्णिमाच्या पाठीवर बारा वर्षांनी समर्थ झाला. त्यामुळे त्याची प्रत्येक पायरी घाईची. अकराव्या महिन्यात एका दुपारी तो दूध पिऊन आजीच्या मांडीवर पडला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या गळ्यातून आवाज आला, "अज्ज."

"आज्जी म्हटलं!" प्रेमलाबाई ओरडल्या. त्यांचं ओरडणं म्हणजे साधं नव्हे. लेक वृषभ उसात पाणी पाजत असला तर बाई घरातूनच त्याला जेवायला बोलवायच्या. फोन असून नसल्यासारखा. नवरा भुजबली, ज्याला घरात सगळे आप्पा म्हणत, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोशी मुख्यतः एकच शब्द बोलला होता. हाताचा पंजा वरून खाली आणायचा आणि म्हणायचं, "हळू."

त्या दिवशीही तो म्हणाला, "हळू गं." कुणी ऐकतंय होय! वृषभ कामाला बेळगावला गेला होता, त्याला येताना तिथला खव्याचा कुंदा आणायला सांगितलं. चाळीस घरांत कुंदा गेला. अकराव्या महिन्यात पोरगं बोललं, आणि तेही आईचं नाही, बापाचं नाही, आजीचं नाव घेतलं.

मग पोरगं गप्प झालं.

बारावा महिना गेला, चौदावा गेला, सोळावा गेला. चालला वेळेवर. जिना चढला, डबे पाडले, म्हशीचं शेपूट ओढलं. दुसरा शब्द काही येईना. पहिलाही परत येईना.

सून राजश्री चिकोडीकडची, माहेर कन्नड. सासूला ती अत्ती म्हणायची आणि बोलायची इतकं हलकं की प्रेमलाबाईंना वाटे, ही बोलते का श्वास घेते. एके दिवशी ती म्हणाली, "अत्ती, मी हाक मारल्यावर ह्यो बघत न्हाय ओ."

"तू हाक मारतीस का जप करतीस? आणि त्याच्याशी कन्नड बोलू नको म्हणून किती येळा सांगितलं! दोन भाषांत अडकलंय ते."

"एकदा बेळगावच्या डॉक्टरना दाखवूया."

"काय दाखवतीस? अकराव्या महिन्यात बोललेलं पोरगं? चाळीस घरांनी कुंदा खाल्लाय!"

राजश्रीनं मान खाली घातली. मुलाशी कन्नड बोलायचंही बंद केलं. मराठी तिला बेताचीच यायची, त्यामुळे आता तीही गप्प आणि पोरगंही गप्प.

अठराव्या महिन्यात अंगणवाडीची माधवी कार्ड घेऊन आली. "हाक मारल्यावर वळतो का, काकू?"

प्रेमलाबाईंनी पदर खोचला. "समर्थाऽऽ!"

समर्थ वळला. समोरच्या गोठ्यातली म्हैसही वळली. माधवीचं पेन हातातून पडलं. ते उचलून तिनं खूण केली.

"शब्द बोलतो?"

"आज्जी म्हणतो."

राजश्री दारात उभी होती. माधवीनं तिच्याकडे पाहिलं. राजश्रीनं सासूकडे पाहिलं. खूण झाली.

तो शब्द खरा नव्हता, हे प्रेमलाबाईंना कळलं नव्हतं असं नाही. स्वतःला फसवता यावं इतकी बाई मूर्ख नव्हती. समर्थ मांडीवर असला की त्या वाकून वाट बघायच्या, आता म्हणेल, आता म्हणेल. दूध पिऊन झाल्यावर तर हमखास. आवाज यायचा, पण त्यात आज्जी नसायची. मग त्या मनाशी म्हणायच्या, लाजतोय. पण गल्लीच्या पोटात गेलेला कुंदा परत कसा मागायचा? आणि शेजारीच अक्काताई, दातांचं न विसरलेली.

असे दोन महिने गेले. मग गावात जैन मंदिराची पंचकल्याणक पूजा झाली. पाच दिवस जेवणाच्या मंडपात पंगती बसवायचं काम प्रेमलाबाईंनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. "ओ पाव्हणं, हिकडं!" "ए, भात आणा रं!" मंडपवाल्यानं लाउडस्पीकर लावला होता, तिसऱ्या दिवशी त्यानं तो काढून नेला. सहाव्या दिवशी सकाळी प्रेमलाबाई उठल्या, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली.

आप्पा घाबरला. पहिल्यांदाच त्यानं बायकोला विचारलं, "काय झालं?" बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं. आप्पाच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते काळजी होती असं त्यांनी मानून घेतलं.

समर्थ स्वयंपाकघरात पाठमोरा बसून वाटीत वाटी घालत होता. प्रेमलाबाईंनी सवयीनं हाक मारली. फुस्स झालं. पोरगं वळलं नाही. ते ठीक. त्यांनी राजश्रीला खुणेनं सांगितलं, तू मार. राजश्रीनं हाक मारली, तिच्या मानानं मोठ्यानं. नाही वळलं. मग पूर्णिमाला ताट वाजवायला लावलं. पूर्णिमानं त्याच्या पाठीमागे उभं राहून पळीनं ताट वाजवलं. त्यानं वाटीतली वाटी काढली आणि परत घातली.

"जोरात," प्रेमलाबाई घोगरल्या.

पूर्णिमानं जोरात वाजवलं. आप्पा बाहेरून आत आला. समर्थ तसाच.

प्रेमलाबाई पुढे झाल्या. त्यांची सावली वाट्यांवर पडली तसा तो वळला, आजीला बघून हसला. आणि मग तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढं मोठं तोंड, रोज ह्यातून काहीतरी येतं, आज का येत नाही, अशी वाट बघत बसला.

प्रेमलाबाई उंबऱ्यावर बसल्या. वीस महिने ह्या पोराला जगात एकच आवाज होता, आणि त्या आवाजानं सगळ्यांना सांगितलं होतं की पोराला सगळं ऐकू येतं.

"राजश्री," त्या जेमतेम ऐकू येईल असं म्हणाल्या, "उद्या बेळगाव."

दवाखान्यात वृषभ, राजश्री, समर्थ आणि गळ्याला मफलर गुंडाळलेल्या प्रेमलाबाई अशी वरात गेली. कानाच्या डॉक्टर तरुण होत्या, नाव सौम्या. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती का, त्यांनी विचारलं. राजश्री म्हणाली, तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. प्रेमलाबाईंना ती चिठ्ठी आठवली. तिखटाच्या डब्याचं झाकण घट्ट बसावं म्हणून त्यांनीच ती घडी घालून खाली लावली होती. डबा तेव्हापासून छान बंद व्हायचा.

"एखादा शब्द बोलतो?" डॉक्टरांनी विचारलं.

राजश्रीनं सासूकडे पाहिलं. "एक बोलतो," ती म्हणाली. "आज्जी म्हणतो."

डॉक्टर लिहू लागल्या. सुनेनं सासूची अब्रू झाकली होती. आपल्या पोराच्या कागदावर खोटं लिहू देऊन झाकली होती. प्रेमलाबाईंना आयुष्यात कुणाचा एवढा राग आला नव्हता, आणि तो राजश्रीवर नव्हता.

"लिहू नकासा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. प्रेमलाबाईंनी टेबलावर हात आपटला. "खोटं हाय ते. दूध पिऊन गळ्यातनं आवाज आला. मला आज्जी ऐकायचं हुतं, म्हणून मी ऐकलं. नऊ म्हैनं झालं, एक शब्द न्हाय."

राजश्री रडायला लागली, पण तोंडावर सुटल्यासारखं दिसत होतं.

"मग वळतो कुणाच्या आवाजाला?"

"माझ्याच."

"तुम्ही केवढ्यानं बोलता?"

वृषभ खाली बघत म्हणाला, "मॅडम, सध्या घसा बसलाय म्हणून कळणार न्हाय तुमास्नी."

समर्थला झोपवून डोक्याला वायरी लावल्या, तास-दीड तास तपासणी चालली. मग डॉक्टरांनी सांगितलं. साधं बोलणं त्याला ऐकू येत नाही. कुणी जवळून ओरडलं तर तेवढं पोचतं. दोन्ही कानांना यंत्रं लावायची, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं. आईनं तिच्या भाषेत खूप बोलायचं, कन्नड तर कन्नड.

"आधी आणलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण हातातून गेलेलं नाही. आणि यंत्र लावल्यावर घरात कुणी ओरडायचं नाही. साध्या आवाजात, तोंडासमोर येऊन बोलायचं."

"म्हंजे औषध मला दिलंसा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

यंत्रं आली तोवर घसाही परत आला होता. पहिल्या दिवशी समर्थ ताटाचा आवाज ऐकून ताटाकडे बघत बसला, नळाकडे बघत बसला, राजश्रीच्या तोंडाला हात लावून बसला. राजश्री त्याच्याशी कन्नडमध्ये जी बोलत सुटली ती थांबेना. एवढं साठलं होतं हिच्यात, प्रेमलाबाईंना माहीतच नव्हतं. इतक्यात म्हशीनं पाण्याची बादली पालथी केली आणि बाई सवयीनं गरजल्या. समर्थ दचकून रडला, यंत्र ओढून काढलं आणि पिठाच्या परातीत टाकलं.

"हळू," आप्पा पंजा खाली आणत म्हणाला.

"हळू ना, अत्ती," राजश्री म्हणाली.

"आज्जी, हळू!" पूर्णिमा म्हणाली, आणि ह्या वेळी डोळे न फिरवता.

तर प्रेमलाबाई सहासष्टाव्या वर्षी बोलायला शिकू लागल्या. पहिल्या दिवशी चहापर्यंतही दम निघाला नाही. आठवड्यानं एक चहा निभावला. दोन महिन्यांनी एक अख्खं जेवण. त्या दिवशी पूर्णिमानं खिळा घेतला आणि चौकटीवर, अगदी खाली, समर्थच्या रेघेच्याही खाली, एक रेघ ओढली. "ही तुझी. आत्ताशी उभी राहिलीयस."

दिवसातून पन्नासदा घरात 'हळू' हा एक शब्द घुमायचा. दिवाळी झाली, संक्रांत झाली. एका सकाळी प्रेमलाबाई दूधवाल्याशी मापावरून बोलत होत्या. आवाज चढत होता, त्यांना कळतही होतं, पण दूधवाला चुकला होता. समर्थ उंबऱ्यावर उभा होता. त्यानं आजीकडे पाहिलं, पंजा वर नेला, अगदी आप्पासारखा सावकाश खाली आणला.

"हऊ," तो म्हणाला.

प्रेमलाबाई गप्प झाल्या. ह्या वेळी त्यांनी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही. पूर्णिमाला बोलावलं, राजश्रीला बोलावलं, आप्पाला साक्षीला उभं केलं. मग दूधवाल्याला परत एकदा मनापासून झापलं.

"हऊ!" पंजा खाली.

तीनदा झापलं, तीनदा तो म्हणाला. दूधवाला बिचारा माप वाढवून देऊन गेला.

संध्याकाळी वृषभनं बेळगावहून कुंदा आणला. प्रेमलाबाई स्वतः ताट घेऊन घरोघर गेल्या, चाळीसच्या चाळीस. प्रत्येक घरी सांगितलं, पोरानं पहिला शब्द उच्चारला. अक्काताईचं घर मुद्दाम शेवटचं ठेवलं होतं. अक्काताईनं कुंद्याचा तुकडा उचलला, प्रेमलाबाईंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "पहिला? मग गेल्या वर्षीचा कुंदा कशाचा हुता गं?"

प्रेमलाबाईंनी आवाज जेवढा खाली आणता येईल तेवढा आणला.

"ढेकराचा," त्या म्हणाल्या. "खा."