भाऊजींचा फुकटचा समुद्र

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, रिटायर होईपर्यंत पाण्याचे मीटर वाचायचे. तीस वर्षं रोज लोकांच्या घरात शिरायचं, कोपऱ्यात वाकून आकडा टिपायचा आणि निघताना दिवाणखान्यावर एक नजर टाकून यायचं. त्या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक गुडघेदुखी, आणि दुसरी कुठल्याही दारातून बेधडक आत जायची सवय. गुडघेदुखीबद्दल ते कुरकुरतात. सवयीबद्दल छाती फुगवतात.

मागच्या वर्षी दोघं चार दिवसांसाठी माझ्याकडे आली. फोनवरच भाऊजींनी जाहीर केलं होतं, "तुमच्या शहरात म्हणे नुसता श्वास घ्यायलाही पैसे पडतात. मी सगळं शहर फुकट बघून दाखवतो." ताई मागून म्हणत होती, "अहो, तिला सुट्टी मिळते का ते तरी विचारा." ते काही त्यांनी विचारलं नाही.

मी एका कारखान्यात पडदे शिवते. चौथ्या मजल्यावर खोली आणि स्वयंपाकघर, लिफ्ट नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. बावीस वर्षं मी या समुद्रकाठच्या शहरात राहते, पण घरात समुद्राची ओळख पटते ती फक्त बिजागऱ्यांना चढणाऱ्या गंजावरून. श्रीमंतांनी समुद्र वाटून घेतलाय. आमच्या वाट्याला खारी हवा आली.

भाऊजींनी एक वही आणली होती. कुठलं संग्रहालय कुठल्या वारी किती वाजता फुकट असतं, कुठल्या बोटीला तिकीट नाही, सगळं वहीत. पहिले दोन दिवस आम्ही त्या वहीमागे धावलो. संग्रहालयात शिरले की हे भराभर दालनं ओलांडायचे, "बघितलं, बघितलं" म्हणायचे आणि वहीत खूण करायचे. चित्रांपुढे क्षणभर थांबले नाहीत. तिकिटाच्या खिडकीपुढे मात्र उभे राहून दरपत्रक मोठ्याने वाचायचे आणि आमच्याकडे वळून "एवढे पैसे वाचले!" म्हणायचे. मत्स्यालय काही फुकट नव्हतं. तिथे ते बाहेर पडायच्या दाराशी उभे राहिले, दार उघडल्यावर आतला एक मासा दिसला, त्याचीही खूण केली. एका बड्या हॉटेलात सोफ्यावर बसून आले, तिथल्या बाथरूममधून हात पुसायचे कागद खिशात भरून आणले आणि रात्री मला भेट दिले. मला! मीही पाहुणचार म्हणून "छान आहेत हो" म्हटलं, याची मला आजही लाज वाटते.

ताई मागून चालायची. खांद्याला डब्याची पिशवी, पायात जुन्या चपला, संध्याकाळपर्यंत घोटे पावासारखे फुगलेले. मी काही बोलायला लागले की तिचं एकच, "असू दे गं. त्यांना हौस आहे."

तिसऱ्या दिवशी भाऊजी सकाळपासूनच खुशीत होते. म्हणाले, "आज उंचावरून समुद्र. वर जायच्या मनोऱ्याचं तिकीट बघितलंत ना काल? आज तोच देखावा, फुकट."

किनाऱ्यावर एक नवी इमारत उभी राहत होती. वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायला एक फ्लॅट सजवून ठेवलेला. भाऊजींनी घडीचा शर्ट चढवला, ताईला बरी साडी नेसायला लावली आणि सरळ विक्रीच्या कार्यालयात शिरले. "घर बघायचंय. समुद्राच्या बाजूचं. दुसरं दाखवू नका."

तिथली विक्रीची मुलगी आम्हाला नखशिखान्त बघून काय समजायचं ते समजली असणार. पण बघायला आलेल्याला नाही म्हणायची तिला मुभा नव्हती. उंच टाचांवर टकटक करत ती आम्हाला लिफ्टकडे घेऊन गेली. भाऊजींनी माझी ओळख करून दिली, "ह्या माझ्या मेहुणी. पडद्यांच्या लाइनमध्ये आहेत." वीस वर्षांत त्यांच्या तोंडून मला पहिल्यांदा 'ह्या' ऐकायला मिळालं.

दार उघडलं आणि समोर समुद्र. खोटं कशाला बोलू, मीही काचेपाशी धावले. पण मग नजर खाली आली. पडदे आमच्याच कारखान्यातले होते. ती दुहेरी चुणी मी ओळखली नसती तर नवल. कुणीतरी उंची चुकवून खालची दुमड टाचण्यांनी वर अडकवली होती. बाकीचंही तसंच. कपाटातली पुस्तकं पुठ्ठ्याची. टेबलावरची फळं मेणाची. भाऊजी जन्माच्या सवयीने स्वयंपाकघरात गेले, नळ फिरवला, ओट्याखाली वाकले आणि ओरडले, "अहो, इथे मीटरच नाही! पाईपच नाही!"

"हा नमुना आहे, सर," मुलगी म्हणाली.

"नमुना कसला? घर म्हणजे पाणी. बाकी सगळी रंगरंगोटी." त्या दिवसभरात माणूस तेवढं एक शहाणपणाचं बोलला.

एवढ्यात झोपायच्या खोलीतून धप्प असा आवाज आला. जाऊन बघतो तर ताई पलंगावर आडवी. चपला काढलेल्या, डब्याची पिशवी उशाशी.

"अगं, ऊठ!" भाऊजी कुजबुजले. "हे काय आपलं घर आहे?"

"नाही ना? मग ते बघायला का आणलंत?" ताई छताकडे बघत म्हणाली. "दोन दिवस मला दारादारातून फिरवताय. खुर्ची दिसली की म्हणता बसू नको, पैसे पडतील. इथे पैसे पडत नाहीत. मी झोपते."

आणि ती कुशीवर वळली. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगही नमुन्याचाच, आखूड केलेला, त्यामुळे तिचे सुजलेले पाय वीतभर बाहेर लोंबत होते. दोन मिनिटांत ती घोरायला लागली. आयुष्यभर "असू दे" म्हणणारी माझी बहीण.

मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. पण त्या मुलीने दार लोटलं, स्वतःचे बूट काढले आणि खाली गालिच्यावर बसली. "झोपू द्या त्यांना," ती म्हणाली. "मी सकाळपासून उभी आहे. घरी जायला दोन तास लागतात. या फ्लॅटमध्ये अजून कुणी खरं झोपलेलं नाही."

पाच मिनिटंही झाली नसतील, बाहेर बोलण्याचा आवाज. मुलीने घाईने बूट चढवले. तिचे साहेब आले होते, आणि त्यांच्याबरोबर घर बघायला आलेलं एक जोडपं. बाईंच्या गॉगलच्या काड्यांवर सोनं, गृहस्थांच्या चेहऱ्यावर सगळ्याचा कंटाळा. दार उघडल्यावर त्यांना पलंगावर घोरणारी ताई दिसली.

"ह्या कोण?" साहेबांचा आवाज चढला.

मुलगी गडबडली नाही. "ह्यांनी घर जवळजवळ पसंत केलंय, सर. झोप कशी लागते ते बघताहेत."

भाऊजी दाराकडे सरकले. पण मघाची मीटरची तक्रार आठवून ते म्हणाले, "पाण्याचं तेवढं नक्की करायचंय."

मग जे झालं ते बघून मला हसावं की थुंकावं कळेना. त्या बाईंनी ताईकडे बघितलं, मग समुद्राकडे, मग नवऱ्याच्या कानाशी लागल्या. गृहस्थ खाकरले. "आम्ही आत्ताच नाव नोंदवतो. ह्यांनी अजून सही केलेली नाही ना?" आत्तापर्यंत त्यांना त्या घरात काही आवडलं नव्हतं. दुसरं कुणीतरी त्यात झोपलेलं बघितलं आणि लगेच हवंसं झालं. पडद्याच्या टाचण्या काही त्यांना दिसल्या नाहीत.

साहेब खूश. आमची माफी मागून म्हणाले, दुसरा फ्लॅट नक्की बघू, तोवर गच्चीवर चहा घेऊन जा. मुलीने उठलेल्या ताईचा हात हळूच दाबला.

लिफ्टमध्ये भाऊजी जमिनीपासून चार बोटं वर होते. "बघितलंस? चहासुद्धा फुकट! आणि तोही गच्चीवर!"

"तुम्ही घ्या," ताई म्हणाली. "मला विकतचा हवाय."

खाली उतरून ती रस्ता ओलांडून सरळ समोरच्या हॉटेलात गेली. समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या, पांढरे टेबलक्लॉथ. मी तिच्यामागे. भाऊजी दाराशी थबकले, बाहेर लावलेलं दरपत्रक वाचलं आणि तिथेच उभे राहिले. आम्ही काचेतून त्यांना बघत होतो, ते आम्हाला. ताईने चहा मागवला, बरोबर केकही. पर्समधून स्वतःचे पैसे काढून आधीच टेबलावर ठेवले, म्हणजे वेटरला संशय नको.

"किती झाले असतील गं हे?" मी विचारलं.

"मी बघितलंच नाही," ती म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली. समोर लाटा फुटत होत्या. ती त्या बघत राहिली. मी तिला एवढा वेळ कुठल्याही गोष्टीकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासाने भाऊजी आत आले, आमच्या शेजारी खुर्चीच्या काठावर बसले आणि वेटरला म्हणाले, "नुसतं पाणी." ताईने दुसरा चहा मागवला. तो त्यांच्यापुढे सरकवला नाही.

चौथ्या दिवशी भाऊजी वही घेऊन एकटेच हिंडले. ताई माझ्याकडे राहिली, पाय कोमट पाण्यात बुडवून बसली, माझ्या कारखान्यातल्या गमती ऐकत. यंदा ती पुन्हा आली, एकटी, स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून. भाऊजी गावी सगळ्यांना सांगत असतात, त्या महागड्या शहरात आम्ही समुद्रावरचं घर बघितलं, पण पाण्याची सोय पटली नाही म्हणून सोडलं. लोक मान डोलावतात. ताई त्या वेळी आत निघून जाते.