बोकडाची मर्जी

सकाळपासून आप्पासाहेबांच्या शेतात बाया कांदे चिरत होत्या आणि बांधावर बापलेकीचं भांडण जुंपलं होतं. कांद्यानं बायांच्या डोळ्यांना धार लागली होती, भांडणानं आप्पासाहेबांच्या आईच्या, मनकर्णाबाईच्या. ती मात्र सगळं कांद्यावर ढकलत होती.

नवस तिचाच. नातू शिवराज डेंगूनं अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं बांधावरच्या म्हसोबाला बोकड कबूल केला होता. शिवराज बरा झाला, वाळूजला कंपनीतही लागला. मग तिनं एक करडू घेतलं आणि हाताखाली वाढवलं. नवसाच्या जनावराला नाव ठेवू नये म्हणून ठेवलं नाही, नुसतं ‘आमचं येडं’ म्हणायची. त्या नावानं हाक मारली की ते पिशोरच्या रस्त्यावरून पळत यायचं.

शिवराजची बहीण प्रेरणा संभाजीनगरला कॉलेजात शिकत होती. तिथं ती जनावरांसाठी झटणाऱ्या पोरांत मिसळली आणि आधी मटण सोडून बसली, मग दूध. आज ती अश्लेषा आणि केयूर या दोघा मित्रांना घेऊन आली होती. अश्लेषाच्या हातात पाटी होती, ‘मुक्या जिवाला न्याय द्या’. केयूरच्या हातात मोबाईल होता.

“आप्पा, तुम्ही कापलं तर मी या घरात पाय ठेवणार नाही,” प्रेरणा म्हणाली.

“नको ठेवू. पण आधी पावण्यांना पाणी दे,” आप्पासाहेब म्हणाले.

कन्नडचे पाहुणे आले होते, फुलंब्रीचे येत होते. ऊन असं की पाटाच्या कडेची माती तडकून वर आली होती. त्या उन्हात अश्लेषा थेट मनकर्णाबाईजवळ जाऊन बसली. पोर मनाची खरी होती, उगाच फॅशन म्हणून आलेली नव्हती.

“आजी, त्याला जगायचा हक्क नाही का?”

“हाय की. म्हणूनच तर इचारतेत.”

“कोणाला विचारतात?”

“त्यालाच. अंगावर पाणी टाकतेत. त्यानं अंग झाडलं की समजायचं, देवानं कबूल केलं आन् त्याचीबी मर्जी हाय. त्याबिगर सुरी लागत नाय.”

प्रेरणानं कान टवकारले. “आणि नाही झाडलं तर?”

“तर नाय.”

“आजवर कोणी नाही म्हणालंय का, आजी?”

मनकर्णाबाईनं पदरानं नाक पुसलं. “आजवर नाय,” ती म्हणाली.

हा कसला न्याय, असं प्रेरणाच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. म्हातारीलाही आज तो पहिल्यांदाच जरा लंगडा वाटला. पण देवाशी बोलणं झालेलं होतं.

ऊन डोक्यावर आल्यावर भगत कडुबा आला. डफडं वाजलं. येड्याच्या कपाळाला गुलाल लागला, गळ्यात हार पडला. हार त्यानं खाल्ला. कडुबानं तांब्या उचलला आणि मानेपासून शेपटापर्यंत पाणी ओतलं. सगळे माना उंचावून बघू लागले.

येड्यानं डोळे मिटले आणि मान वर केली. अंग काही झाडलं नाही.

“थांबा, वाईच टाइम लागतो,” कडुबा म्हणाला आणि दुसरा तांब्या ओतला. येडं जरा कडेला सरकलं, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही पाणी नीट पडावं.

मनकर्णाबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. उन्हाळाभर ती रोज दुपारी येड्याला बोअरच्या नळाखाली धरत होती. शेजारच्या सखारामच्या शेळ्या पत्र्याखाली उन्हानं मेल्या, तशी देवाची अमानत मरू नये एवढाच हेतू. पाणी पडलं की निवांत उभं राहायचं, हे जनावर तिच्याच हाताखाली शिकलं होतं. नवस फेडायच्या काळजीतच तिनं नवस बिघडवला होता.

बादली झाली. फ्रीजमधली बाटली झाली. डफडेवाला थकून खाली बसला.

“फवारणीचा पंप आणू का?” शिवराजनं विचारलं.

“देवाच्या कामात फवारणी नाय!” कडुबा ओरडला.

“मग कानात फुंकर मारा.”

“ती लबाडी झाली. देवाला काय येडा समजतो का रं?”

एवढं म्हणून कडुबानं हात टेकले. “देव हा बोकड घेत नाय. सोडा त्याला.”

प्रेरणानं येड्याच्या ओल्या गळ्यात मिठी मारली. केयूरनं ते सगळं मोबाईलमध्ये घेतलं. जिंकलो, असं अश्लेषा दोनदा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग तिनं आणि केयूरनं आजीच्या पाया पडून निरोप घेतला, कारण जाता जाता दौलताबादचा किल्ला बघायचा राहिला होता.

मनकर्णाबाईला आनंद झाला, अगदी लाज वाटण्याइतका झाला. त्यामागोमाग भीती आली. म्हसोबाचं देणं तसंच राहिलं, आणि शिवराज तर रोज मोटारसायकलवर वाळूजला जाणारा.

इकडं मांडवात पाहुणे ताटं पुढं घेऊन बसले होते. मसाला भाजून झाला होता. आप्पासाहेबांनी शिवराजच्या कानात काहीतरी सांगितलं. तो मित्राला मोटारसायकलवर मागं बसवून पिशोरच्या बाजाराला गेला आणि दोघांच्या मधे एक काळा बोकड दाबून धरून परत आला.

प्रेरणा आडवी आली. “आप्पा, हे काय?”

“पावण्यांना काय नुसता रस्सा वाढू? देवाचा देवानं सोडला. ह्यो जेवणाचा हाय.”

“मग यालाही विचारा.”

“बाजारच्या बोकडाला कोण इचारतं?”

“का नाही विचारायचं? त्याला जीव नाही का? आजीनं सांगितलंय, विचारल्याबिगर सुरी लागत नाही. आजी, सांग ना यांना!”

सगळ्यांनी मनकर्णाबाईकडं बघितलं. तिनं काळ्या बोकडाकडं बघितलं. कातडी कोरडी ठणठणीत, नजर भेदरलेली. पाण्याचा थेंब पडायचा अवकाश, हे जनावर काय करणार ते तिला लख्ख कळत होतं. पोरीला सांगावं, बाई, पाणी टाकू नको, नुसती त्याच्या गळ्याला मिठी मार आन् बस, असं तिच्या जिभेवर आलं. पण हा देवानं घेतला तर नवस फिटत होता, येडं वाचत होतं, शिवराजच्या डोक्यावरचं संकट टळत होतं.

“पोर बरोबर बोलती,” ती म्हणाली. “इचारा त्याला.”

प्रेरणानं कडुबाच्या हातातला तांब्या घेतला. अगदी हलक्या हातानं, गोंजारल्यासारखं, तिनं बोकडाच्या पाठीवर पाणी सोडलं.

बोकड नाकापासून शेपटापर्यंत असा थरारला की पाणी प्रेरणाच्या तोंडावर उडालं.

“घेतला!” कडुबा ओरडला. “लेकीच्या हातानं घेतला देवानं!” डफडं पुन्हा सुरू झालं. पाहुणे उठून उभे राहिले. कुणीतरी प्रेरणाच्या कपाळाला गुलाल लावला. ती तांब्या धरून तशीच उभी होती.

मनकर्णाबाई म्हसोबापुढं आडवी पडली आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ पडून राहिली. उठली तेव्हा प्रेरणा समोर होती.

“आजी, तुला माहीत होतं?”

“काय?”

“तो अंग झाडणार म्हणून.”

म्हातारी गुडघ्यावरची माती झटकत राहिली. “त्याचं मला काय ठावं, बाई,” ती म्हणाली. “तो काय आपला व्हता?”

प्रेरणानं कपाळावरचा गुलाल पुसला. संध्याकाळच्या गाडीनं ती शहराला गेली, आणि पुन्हा यायचं की नाही ते सांगून गेली नाही. म्हातारीनंही त्या दिवशी तोंडात घास घातला नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर उन्हाचं कारण सांगितलं.

जेवण मात्र उत्तम झालं. फुलंब्रीच्या पाहुण्यांना मटण जरा कमी पडलं, तेवढीच आप्पासाहेबांना चुटपुट लागून राहिली.