पल्याडचा काठ

रीता पाकिस्तानातल्या सिंधची, सक्खरची लेक, पिपरी मेघेची सून. आठ वर्षं इथं नांदली, तरी या देशाच्या हद्दी तिच्या हाती लागेनात. घर वर्धा शहराला खेटून, पण शहरात नाही, ग्रामपंचायतीत. अजून ती व्हिसावर होती, आणि परवानगीशिवाय वर्धा जिल्हा सोडायचा नाही, अशी तिनं मनाशी खूणगाठ बांधली होती. नागरिकत्वाची शपथ पुढच्या महिन्यात. तोवर जपायचं.

त्या शपथेसाठीच सासूनं, शकुंतलाबाईंनी, सिंध्यांच्या जलदेवाला, झुलेलालला, नवस केला होता. बहराण्याचं, म्हणजे त्याच्या नैवेद्याचं ताट, मधोमध कणकेचा दिवा, वाहत्या पाण्यात सोडायचं. दोघी पुलगावला नदीवर आल्या, तर अल्याड नुसती वाळू. पाणी सगळं पल्याडच्या काठाला बिलगलेलं.

"पुलावरून जाऊ," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"अम्मा, तिकडंही वर्धाच ना?"

"थो पल्याडचा बोर्ड पाह्य. आपलाच खासदार हात जोडून राह्यला. त्याले आपण मत देतो, तिकडचेही देतात. काऊन भिऊन राह्यली?"

"मत तुम्ही देता. मी कुठं?" रीता हसली.

बोर्डावर खरंच 'वर्धा लोकसभा' होतं. माहेरी नदीला दर्या म्हणत, आणि दर्या म्हणजे देव. त्याच्या मधोमध कुणी रेघ ओढेल, हे तिच्या मनातही आलं नाही. पूल ओलांडून पल्याडच्या काठावर तिनं चपला काढल्या, पदर खोचला, आणि माहेरचं गाणं म्हणत ताट सोडलं. वारा पडलेला. ताट जागीच फिरत राहिलं, पुढं जाईना.

बाभळीखाली एक हवालदार उभा होता. सीमेवर गोळीबार झाल्यापासून जो तो कागद विचारत होता.

"गाणं कोणत्या भाषेतलं, बाई?"

"सिंधी," शकुंतलाबाईंनी कौतुकानं सांगितलं. "माह्या सुनेचं माहेरच सक्खरचं. गळा पाहा कसा."

त्यानं रीताचा व्हिसाचा कागद मागितला. सावकाश वाचला.

"हा अमरावती जिल्हा आहे."

"पण खासदार..."

"खासदार दोन्हीकडचा. जिल्हा नदीपाशी खतम होते."

तो रागावला नाही. त्यानं कागदाचा फोटो घेतला, मग तिचा.

संध्याकाळी तिचा नवरा नीलेश दुकानातून लवकर आला. ओट्यावरच बसला, आत येईना.

"ठाण्यातून फोन होता."

"शपथेची तारीख बदलली?"

"तारखेचं काही नाई बोलले." तो चपलेकडे पाहत राहिला. "उद्या तुले बोलावलं. सोबत कपडे घेऊन येजो म्हणाले."