हनुवटीखालची पिशवी

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि ताई घरी आल्या आल्या थेट स्वतःच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. फ्रेमवाला उद्या यायचा होता. आयुष्यभर तिने लोकांचे चेहरे रंगवले. त्यातले निवडक आता प्रदर्शनात लागणार होते आणि शेवटच्या भिंतीवर ती स्वतः, म्हातारी, आहे तशी.

चित्रातले केस निळे होते.

तिने ऑपरेशन झालेला उजवा डोळा मिटला. पांढऱ्या केसांतल्या सावल्या करड्या दिसल्या. मग डावा मिटला. त्याच सावल्या शाईसारख्या निळ्या. मोतीबिंदूने भिंग पिवळं पडतं आणि ते निळा रंग अडवतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताईने ते दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं ऐकून सोडून दिलं होतं. काळा समजून ती गडद निळ्याची ट्यूब पिळत बसली होती.

"त्यात काय एवढं?" मागून धाकटा भाऊ म्हणाला. दवाखान्यातून तोच तिला घेऊन आला होता. "केसांवर पुन्हा हात फिरव."

"आरसा दे इकडे."

ताईने आरसा चित्राशेजारी धरला. चित्रातला जबडा अंड्यासारखा एका रेषेत वळला होता. आरशातला जागोजागी सैल पडला होता.

"हा चेहरा कोणाचा आहे रे?"

"तुझाच. तुझ्या लग्नाच्या वेळचा." भावाला आता चेव चढला. "माझं चित्र काढलंस तेव्हा ही हनुवटीखालची पिशवी जरा कमी कर म्हणून किती गयावया केली! काय म्हणालीस? मला दिसतं तेच मी काढते."

"मग हेही दिसलं तेच काढलंय."

"तेच म्हणतोय मी. दिसतच नव्हतं तुला!"

ताई हसली नाही. "कोणाचा मस कमी केला नाही, कोणाचं टक्कल झाकलं नाही. ती सगळी माणसं प्रदर्शनाला येणार. त्यांना काय तोंड दाखवू?"

"हेच दाखव. छान गुळगुळीत आहे. कोणाला कळतंय?"

"मला."

तिने फ्रेमवाल्याला फोन करून सांगितलं, चौकट तेवढी मापाने करून ठेव, चित्र ओलंच येईल. मग सुरीने जबडा खरवडून काढला. सुरकुत्या रेघांनी काढल्या की चेहरा तडा गेलेल्या कपासारखा दिसतो, हे तिला ठाऊक होतं. सुरकुती म्हणजे दोन उतार. एकावर उजेड, दुसऱ्यावर नाही. हाडाला सोडून खाली आलेली कातडी तिने तशी उतारा-उताराने बसवली. लोंबणाऱ्या भागाच्या खालच्या कडेला तांबडा रंग दिला, कारण अंगातल्या लाल ब्लाऊजवरून परतलेला उजेड तिथे खरोखरच पडला होता. केसांतला निळा गेला. डोळ्यांखालचा निळा खरवडायला सुरी टेकवली आणि आरशात पाहून उचलली. तिथली कातडी इतकी पातळ झाली होती की शिरा दिसत होत्या. तेवढा निळा चुकून बरोबर पडला होता. तो राहिला.

भाऊ जवळ येऊन वाकला. चित्र बघता बघता त्याचा हात स्वतःच्या हनुवटीखाली गेला.

"ताई, ही पिशवी माझी आहे."

"बाबांची आहे. दोघांना वाटून दिली." तिने ब्रश पुसला. "आता बाजूला हो, उजेड अडतोय."