जीभसाहेबांची चूळ

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवू नये म्हणतात, पण सिस्टरला कोण सांगणार! ती चक्क जीभसाहेबांना चूळ भरायला शिकवत होती. चहाच्या कंपनीत घोट घ्यायचा, चाखायचा, थुंकायचा आणि माल पास-नापास करायचा, यात त्यांची हयात गेलेली. हाताखालच्यांनी चेष्टेनं ठेवलेलं हे नाव ते पदवीसारखं मिरवायचे.

आता रक्ताच्या कॅन्सरनं त्यांना दवाखान्यात आणून बसवलं होतं. आधी सगळ्या अंगाला किरणं, मग धाकट्या भावाच्या मूळपेशी. किरणांनी तोंड आतून सोलवटतं, थुंकी गिळणं जिवावर येतं, आणि फोडांतून जंतू रक्तात शिरले की संपलंच. म्हणून रोज तोंडात लाल दिव्याचा उजेड, मऊ ब्रश आणि दिवसभर मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा.

"मी गेलो तरी चालेल, जीभ शाबूत राहिली पाहिजे," साहेब म्हणाले.

"आणि तिचं मी काय करू? बरणीत घालू?" बायको फणकारली. खरं तर भीतीनं तिची झोप उडाली होती.

दोन-चार दिवसांत सिस्टरला गालाच्या आत लाली दिसली. "काका, चुळा चुकवता का?"

"मी? चुळा? बघाच!" साहेबांनी पाणी सुर्रकन ओढलं, जिभेवर घोळवलं आणि पिचकन थुंकलं. गालांना थेंबसुद्धा लागला नाही.

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, पाणी पास करायचं नाहीये! तोंडभर धरा!"

"घोट धरून ठेवला की जीभ बिघडते. आमच्या धंद्यात..."

"धंदा गेला खड्ड्यात! मी म्हणेपर्यंत थुंकलात तर याद राखा."

साहेबांचे गाल टम्म फुगले आणि बायकोच्या ध्यानात आलं, की आता यांना उलटून बोलता येत नाही. मग काय, तोंडाचा पट्टा सुटला. प्रत्येक चुळीला एक तक्रार: नणंदेचा तोरा, साहेबांचं घोरणं, लग्नातला त्यांच्या मामाचा रुसवा. साहेब डोळे वटारायचे, पण पाणी धरून बसायचे. तक्रारींना तोटा नव्हता, त्यामुळे चूळ एकही बुडाली नाही.

मूळपेशी चढल्या. वाईट दिवस सरले. तोंडात एकच फोड आला, तोही पिटुकला. डॉक्टर खूश झाले, चहाला परवानगी मिळाली. बायकोनं कोमटसर चहा आणला. साहेबांनी घोट घेतला आणि विनासायास गिळला.

"फक्कड झालाय," ते म्हणाले.

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या संसारात या माणसानं तिच्या चहाला बरं म्हटलं नव्हतं.

"चव काहीच लागत नाही ना हो?"

"नाही." साहेबांनी नजर चुकवली. "सिस्टर म्हणते, येईल चव हळूहळू. आली की ठेवीन नावं, पहिल्यासारखी."

"ठेवा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "जन्मभर ठेवा."