आठशे दहा ग्रॅम

दुकानाच्या त्या कोपऱ्यात त्या दिवशी नऊ स्लीपिंग बॅगा होत्या. चार नव्या, किमतीच्या चिठ्ठ्या लटकवलेल्या. तीन भाड्याने जाऊन-येऊन मळलेल्या. एक निळी, इतकी लठ्ठ की फळीवर दोघींची जागा अडवून बसलेली. आणि नववी मी. मी फळीवर नव्हते, फळीखालच्या खोक्यात होते. पण मोजायचंच तर सगळ्यांना मोजावं, म्हणून स्वतःलाही धरते.

माझ्या खोक्यावर दुकानदारकाकांनी खडूने लिहिलं होतं, 'उशांसाठी'. मला उसवायचं आणि माझ्या पोटातली लव उशांमध्ये भरायची, असा त्यांचा बेत होता. मित्रांनो, तुम्ही आता 'अरेरे' म्हणणार असाल तर थांबा. कीव मिळवायला मी बोलायला बसलेले नाही. ती अक्षरं वाचून मला रडू आलं नव्हतं, राग आला होता. आणि तो अजून उतरलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पातळ हिरव्या कापडाला आडवे कप्पे शिवायचे आणि प्रत्येक कप्प्यात बदकाच्या छातीवरची मऊ लव तोलून भरायची, असं तिथलं काम. लव इतकी हलकी की भरणाऱ्या बायकांच्या भुवयांवर जाऊन बसायची. पंखा लावायला बंदी होती. नवी मुलगी शिंकली की बाकीच्या ओरडायच्या, "अगं, तोंड फिरव! अर्धी बॅग उडवलीस!"

शेवटी मला काट्यावर ठेवलं, तेव्हा माझं वजन आठशे दहा ग्रॅम भरलं. एवढ्याशा वजनात मी माणसाला ऊब कशी देते, असं लोक विचारतात. मी ऊब देतच नाही. ऊब माणसाची स्वतःची असते. माझी लव फुलते, तिच्या धाग्याधाग्यांत हवा अडकून बसते आणि ती अडकलेली हवा त्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही. माझ्यात जे काही आहे ते मुख्यतः हवाच आहे. ही लाजायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी कामही भरपूर केलं. रस्त्याची मापं घेणाऱ्या लोकांबरोबर मी माळरानावर राहिले. सहलीला आलेल्या दोन मैत्रिणींनी एकदम माझ्यात शिरायचा प्रयत्न केला आणि माझी चेन तोडली. पक्षी मोजणारी एक बाई मला वरचेवर भाड्याने न्यायची. सकाळी बाहेर आली की मला झटकून म्हणायची, "शाबास गं, बये." तिच्याच स्टोव्हची ठिणगी उडून माझ्या कमरेला भोक पडलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी त्यावर लाल ठिगळ लावलं. हिरव्यावर लाल! पण त्याचे टाके इतके बारीक आहेत की आजवर तिथून लवेचा एक धागा बाहेर आलेला नाही. ठिगळ मी मिरवते.

मग दुकानात फळ्या कमी पडू लागल्या. काकांनी मला कोंबून-कोंबून नारळाएवढ्या थैलीत बसवलं आणि थैलीचे बंद आवळले. ऋतूमागून ऋतू मी तशीच. लव चेंगरली की हवा कुठे राहणार? कधी कुणी थैलीतून काढलं, तर मी पापडासारखी चपटी निघायची. काका अंगठ्याने दाबून बघायचे. त्यांचा हिशोब सोपा होता: जड ते गरम. गिऱ्हाईक म्हणायचं, "हिच्यात भरलंय काय? वारा?"

बरोबर ओळखलंत, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. वाराच आहे. अडवून धरलेला. पण तुम्ही त्याला आत येऊ तर द्या!

अशातच एके दिवशी त्या दोघी बहिणी दुकानात आल्या.

थोरली निवृत्त बस कंडक्टर होती. काटक, उन्हाने रापलेली, आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोहोचेल असा. तिला डोंगरापलीकडच्या तीर्थाला पायी जायचं होतं. लांबची पदयात्रा, मुक्काम धर्मशाळांच्या उघड्या ओसऱ्यांवर, आणि खिंडीजवळ पहाटेचा पारा चार अंशांपर्यंत उतरणारा. "आयुष्यभर लोकांना उतरवत आले," ती काकांना म्हणाली, "माझं ठिकाण अजून यायचंय."

धाकटी फळांच्या कोल्ड स्टोरेजची व्यवस्थापक होती आणि तिचा जीव नुसता टांगणीला लागलेला होता. कारण मागच्या वर्षी थोरली घसरून पडली, तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं आणि दवाखान्यात पडल्या पडल्या तिला न्यूमोनियाही झाला. हाडांच्या डॉक्टरांनी आता चालायची परवानगी दिली होती, पण पाठीवर सहा किलोंच्या वर काही घ्यायचं नाही, असं बजावून.

धाकटीने सरळ निळीवर बोट ठेवलं. "ही द्या. सगळ्यात जाड."

थोरलीने भरून आणलेली पाठपिशवी दुकानातल्या काट्याला अडकवली. चार किलो नऊशे ग्रॅम. निळी वर ठेवल्यावर काटा सहा किलो आठशेवर गेला.

काका म्हणाले, "ऊब हवी तर ओझं आलंच, बाई."

"मग घरीच बसते की. तिथे फार ऊब आहे."

"ताई, चेष्टा नको," धाकटी म्हणाली. "थंडी बाधली तर तिथे डॉक्टर कुठून आणायचा? पातळ बॅग घेऊन जाणार असशील, तर मी दारात आडवी पडेन."

"तुला ओलांडता येईल मला. चालायचा सराव केलाय."

असं म्हणत थोरली खाली वाकली आणि तिने खोक्यातून मला उचललं. थैलीसकट एका हातात तोलून पाहिलं. काका गडबडीने म्हणाले, "अहो, ती उशांची आहे." धाकटीने मला बाहेर ओढलं. मी अर्थातच चपटी.

"ही बॅग आहे की उशीचा अभ्रा?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर बरं झालं असतं. पण थोरलीने मला काट्यावर ठेवलं, आकडा वाचला आणि ती म्हणाली, "हिच्यात माझं जमतं. निळीत जमत नाही. विषय संपला."

"संपला कसा?" धाकटी म्हणाली. "आमच्या सफरचंदांच्या खोलीत बरोबर चार अंश असतात. उद्या दुपारी तिथे हिच्यात झोप. झोप लागली, तर खुशाल जा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही लागली, तर यंदाची यात्रा रद्द. कबूल?"

"कबूल."

असं ठरलं आणि त्या मला घेऊन निघाल्या. एका बाईची यात्रा माझ्या पोटातल्या हवेवर ठरणार होती, आणि ती हवा तर मला कुणी भरूच दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटीने बहिणीवरच्या मायेने काय केलं, ते ऐका. तिने थोरलीला दोन स्वेटर घातले. त्यावर जाड कोट. त्यावर शाल. मग मला थैलीतून तशीच, न झटकता काढलं, सिमेंटच्या फरशीवर अंथरलं आणि थोरलीला पोत्यात बटाटे भरावेत तशी माझ्यात भरली. चेन लागेना, तेव्हा गुडघा लावून ओढली. खांद्याशी, कमरेशी, ढोपराशी, जिथे म्हणून कोट होता तिथे तिथे माझी लव आतून चेंगरली. खालची लव तर तिच्या वजनाने केव्हाच सपाट झाली होती. फरशी तिची ऊब शोषून घेऊ लागली. मी धडपडले, पण चेंगरलेल्या लवेने धडपडायचं ते किती?

थोड्या वेळाने थोरलीचे दात वाजू लागले. तरी ती बाहेर येईना. शेवटी धाकटीनेच चेन उघडून तिला ओढून काढलं आणि बाहेरच्या ऑफिसात नेऊन बसवलं. जिंकल्याचा आनंद धाकटीच्या चेहऱ्यावर नव्हता. तिने चहाचा कप बहिणीच्या हातात दिला.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "बघितलंस ना?"

उघड्या दारातून मला थोरली दिसत होती, दोन्ही हातांत कप धरून खाली बघत बसलेली.

तेवढ्यात हमालांनी नवा माल आणला. एकाने सफरचंदांची पेटी दाराजवळ फरशीवरच ठेवली. धाकटी उसळून उठली. "ओ भाऊ! किती वेळा सांगायचं? पेटी खाली टेकवायची नाही! लाकडी पाटावर ठेवा! आणि एकमेकींना खेटून लावू नका, मध्ये चार बोटं जागा सोडा. हवेला जागा नको का?"

थोरली हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग कपातलं सांडेपर्यंत.

"काय झालं हसायला?"

"काही नाही गं. सफरचंदांची काळजी घेतेस, तेवढी माझी घे. त्यांना पाट, मला फरशी. त्यांना चार बोटं जागा, आणि मला? गुडघा लावून कोंबलंस की गं मला!"

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती आत माझ्याजवळ आली. माझ्या खांद्याचा भाग तिने चिमटीत धरला, कापडावर कापड लागत होतं. मग पायाकडचा भाग धरला. तिथे कोट नव्हता, तिथे मी दोन बोटं फुगले होते. तिने पुन्हा खांदा पाहिला, पुन्हा पाय.

हे नेमकं सांगायला हवं. पेट्यांमधली जागा हवा फिरती राहावी म्हणून असते आणि माझ्यातली जागा हवा अडून राहावी म्हणून. काम उलटं आहे. पण जागा दोघींनाही लागते.

त्या संध्याकाळी मला ऑफिसातल्या मोठ्या टेबलावर पसरलं गेलं. धाकटीने मला कोपऱ्यांना धरून हलकेच झटकलं, जरा थांबून पुन्हा झटकलं. मी फुगत गेले. एक बोट, दोन बोटं, पुढे वीतभर. सकाळी हमाल कामावर आले, तर एकजण म्हणाला, "बाई, हिच्यात रात्रीत कुणी शिरलंय का?"

धाकटीने पेट्यांत घालतात तो फोम घेतला, दोन थर एकावर एक चिकटवले आणि बहिणीच्या उंचीचा कापला. त्याचं वजन दोनशे ग्रॅम. तो फरशीवर, त्यावर मी. थोरलीच्या अंगात या वेळी एकच स्वेटर, डोक्याला टोपी. कोट खुंटीला.

"कोट तरी घे गं," धाकटी म्हणाली.

"कोट खुंटीला थंडी वाजू नये म्हणून ठेवलाय."

ती आत शिरली. चेन एका बोटाने लागली. धाकटी उघड्या दाराशी स्टूल घेऊन बसली आणि बहिणीकडे टक लावून पाहू लागली.

आता माझं काम फक्त फुगून राहायचं. तेवढ्यात तुम्हाला एक सांगून घेते. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. माळ्यावर कोंबलेलं, बंद आवळलेलं, चपटं दिसतं म्हणून निकामी ठरवलेलं. त्याच्यासाठी उसासे टाकू नका. आम्हाला उसासे नकोत. आम्हाला बाहेर काढा, खुंटीवर सैल टांगा, अधूनमधून ऊन दाखवा, ओलं ठेवू नका आणि मग कामाला लावा. कामाला लावल्यावर नाही जमलं, तर खुशाल उशा करा. पण आधी दाबायचं आणि मग 'दबली आहे' म्हणून टाकून द्यायचं, हा न्याय मी मान्य केलेला नाही. करणारही नाही.

थोरलीच्या पायांची ऊब माझ्या तळाशी पोहोचली. मी ती धरून ठेवली. पोटाची ऊब आली, तीही धरली. बाहेर पंखे घुमत होते, चार अंशांची हवा माझ्या कापडावरून सरकत होती आणि लाल ठिगळापाशी आत यायला बघत होती. तिला मी आत येऊ दिलं नाही.

बऱ्याच वेळाने धाकटी चवड्यांवर चालत आली.

"ताई?"

उत्तर नाही.

"ताई, झोपलीस का गं?"

थोरली घोरू लागली. दाराबाहेर हातगाडी खडखडली, तशी धाकटी वळून दबक्या आवाजात म्हणाली, "हळू, भाऊ, हळू! माणूस झोपलंय." मग तिने हात माझ्यात घालून बहिणीची पावलं चाचपली, आणि हात लगेच काढला नाही.

थोरली आपणहून जागी झाली, जांभई देत. "काय उकडतंय गं तुमच्या फ्रीजमध्ये!"

धाकटी काही बोलली नाही. शब्द काढणार नाही असं तिने कबूल केलं होतं. तिने मला झटकलं आणि पाठपिशवीत वरच्या बाजूला सैलच ठेवलं. ती नारळाएवढी थैली तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली. फोमची गुंडाळी बाजूला बांधली. पेट्या तोलायच्या काट्याला पाठपिशवी अडकवली आणि आकडा पाहिला. मग आपल्या कपाटातून स्वतःचे लोकरी मोजे आणले, पिशवीच्या कप्प्यात सारले आणि काटा पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबली.

पाच किलो नऊशे ऐंशी ग्रॅम.