नर्सबाईंच्या गाडीतली सात बटणं

गॅरेज दोघा भावांचं होतं. थोरला वायरिंग बघायचा, धाकटा इंजिन. दिवा गेला, हॉर्न बसला, बॅटरी उतरली की गिऱ्हाईक थोरल्याच्या बाकापाशी जायचं. गाडी धापा टाकायला लागली किंवा तेल गळायला लागलं की धाकट्याकडे यायचं. ही वाटणी सत्तावीस वर्षं चालत आली होती. धाकटा बावन्न वर्षांचा झाला, डोक्यावर काळा केस औषधाला उरला नाही, तरी लोक त्याला धाकटे मिस्त्रीच म्हणत.

इंजिनात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचा की हे तेल कधीचं आहे. पण वायरीला हात लावायला गेला की थोरला त्याच्या हातातली पकड काढून घ्यायचा. "राहू दे. तू धसमुसळा आहेस. नाजूक काम तुझं नाही." धाकटा हसण्यावारी न्यायचा. मनातून मात्र ते त्याला लागायचं. आपल्या हातात असं काय वाईट आहे, हे त्याला कधी कळलं नव्हतं.

त्या आठवड्यात थोरला मुलीकडे गेला होता. तिने घर बदललं होतं, सामान लावायला चार दिवस लागणार होते. निघताना त्याने बजावलं, "वायरिंगचं काम आलं तर थांबवून ठेव. मी आल्यावर बघतो."

दुसऱ्याच दिवशी नर्सबाई आल्या. त्या प्रसूतिगृहात कामाला होत्या आणि त्यांची जुनी गाडी पहिल्यापासून याच गॅरेजात यायची. डॅशबोर्डच्या मधल्या पट्टीवर सात बटणं होती आणि त्यांच्या आतले दिवे एकेक करत सगळे गेले होते.

"मला ड्यूटीला उजाडायच्या आत निघावं लागतं," त्या म्हणाल्या. "पंखा लावायला जाते आणि मागची काच तापते. रोज आंधळी कोशिंबीर चाललीय. थोरले मिस्त्री कुठायत?"

"गावाला गेलेत. मी करतो की," धाकटा म्हणाला.

म्हणताना त्याला बरं वाटलं. नर्सबाई गाडी ठेवून रिक्षाने गेल्या. त्याने स्पेअर पार्टच्या दुकानातून सात बारीक बल्ब आणले. बल्बवर चढवायला रबराच्या टोप्या लागतात. उजेडाला रंग त्या टोपीचाच येतो. दुकानदार फोनवर बोलत होता. त्याने हातानेच कोपऱ्यातला डबा दाखवला. धाकट्याने एकेक टोपी चिमटीत दाबून बघितली, कडक झालेल्या बाजूला टाकल्या आणि मऊ लागल्या त्या सात घेतल्या.

मग तो कामाला बसला. पट्टी कुठे ओरखडू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळलं, खाचा अलगद सोडवल्या, मागच्या वायरी जागच्या जागी ठेवून पट्टी मांडीवर घेतली. वाटाण्याहून लहान होल्डर. पाव फेरा फिरवला की निघतात. जळके बल्ब काढले, नवे घातले, टोप्या चढवल्या. दोन तास गेले. एकही खाच मोडली नाही, एकही वायर सुटली नाही. धाकट्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. धसमुसळे म्हणे!

दुपारी नर्सबाई आल्या. उजेडात दिवे दिसणार नाहीत म्हणून धाकट्याने गॅरेजचं शटर खाली ओढलं. नर्सबाई गाडीत बसल्या, त्याने बाहेरून हात घालून किल्ली फिरवली. सातही बटणं लागली. दोन-तीन जरा मंद होती, पण लागली होती.

नर्सबाईंनी बटणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, हे असं मुद्दाम केलंय का?"

"कसं?"

"चार हिरवे आणि तीन लाल."

धाकट्याने वाकून बघितलं. सातही दिवे एकाच रंगाचे होते. त्याला वाटलं बाईंची ड्यूटी जास्त झाली असेल, डोळे शिणले असतील. तो म्हणाला, "बाई, जरा पाणी प्या आणि परत बघा."

नर्सबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "मी थट्टा नाही करत."

"मग मी करतोय का?"

शेजारच्या टपरीतला पंक्चरवाला गमतीखातर शटरखालून आत आला, गाडीत डोकावला आणि म्हणाला, "वा, चौकातला सिग्नल उचलून आणलात की काय?"

आता धाकटा गोंधळला. दोघांनी मिळून आपल्याला बनवायचं ठरवलं असेल म्हणावं, तर ही दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. त्याने बल्ब मोजले, बोट लावून बघितले, गाडीपासून लांब जाऊन बघितले. काही फरक नाही. पंक्चरवाला सांगत होता, "हा लाल, हा हिरवा, हा हिरवा," आणि धाकट्याला ते एखाद्याने नुसते आकडे म्हणावेत तसं ऐकू येत होतं.

"उद्या या," तो नर्सबाईंना म्हणाला. "काहीतरी घोळ आहे. गाडी राहू दे."

घोळ कशात आहे हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी त्याने बायकोला खाली बोलावलं. ती वरच्या मजल्यावरून हात पुसत आली. तिने एका दमात सांगितलं: डावीकडून पहिला, चौथा आणि सहावा लाल. नर्सबाईंनीही तीनच लाल सांगितले होते. धाकट्याने त्या तिघांवर खडूने फुल्या मारल्या, परत दुकानात जाऊन त्याच डब्यातून तीन टोप्या आणल्या, घातल्या आणि बायकोला पुन्हा हाक मारली.

"आता दोन लाल आहेत," ती म्हणाली.

"पण मी बदलल्या."

"बदलल्या खऱ्या. तीन लाल काढून दोन लाल घातल्यात." ती जवळ येऊन उभी राहिली. "अहो, तुम्हाला खरंच दिसत नाही?"

"दिसतंय की. सगळं दिसतंय. म्हणून तर कळत नाहीये."

त्याने भावाला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर थोरला इतका वेळ गप्प राहिला की धाकट्याला वाटलं फोन कट झाला.

"दादा?"

"वायरिंगला हात का लावलास तू?"

"दिवेच बदलत होतो. हे काय आहे ते तुला माहितीय का?"

"मी सकाळच्या गाडीने येतो," थोरला म्हणाला. "तोवर कशाला हात लावू नकोस. कोणाशी बोलूही नकोस."

चार दिवसांसाठी गेलेला माणूस तिसऱ्याच दिवशी परत येतो म्हणतो, तेही सात बल्बांसाठी. धाकट्याला आता भीती वाटायला लागली. आपल्याला काहीतरी झालंय आणि ते दादाला ठाऊक आहे, एवढंच त्याला समजलं.

थोरला आला तेव्हा नर्सबाई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. त्याने पिशवी खाली ठेवली, नर्सबाईंकडे एकदा बघितलं आणि भावाला म्हणाला, "आत चल."

"इथेच बोल," धाकटा म्हणाला. "त्यांचीच गाडी आहे."

थोरल्याने स्टूल ओढलं.

"तुला परसातले टोमॅटो आठवतात? तू सहा-सात वर्षांचा असशील. बाबांनी पिकलेले तोडायला सांगितलं आणि तू टोपलीभर कच्चे आणलेस."

"मार खाल्ला होता."

"दोनदा. दुसऱ्यांदाही तू कच्चेच आणलेस. बाबांना वाटलं तू मुद्दाम करतोयस. मला नाही वाटलं. मी तुला झाडाशी नेलं आणि म्हटलं, बघू नकोस, दाबून बघ. मऊ लागेल तो तोड. त्यानंतर तू कधी चुकला नाहीस."

धाकट्याने आपल्या हातांकडे बघितलं.

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"मी स्वतः दहा वर्षांचा होतो. काय सांगणार होतो? त्याला नाव आहे हेही मला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा तू गाडी शिकत होतास. लायसन मिळणार नाही याची भीती वाटली. म्हणून तुला घोकून घेतलं, वरचा दिवा थांबायचा, खालचा जायचा. आणि गॅरेज काढलं तेव्हा वायरिंग मी घेतलं. उलटसुलट वायर जोडलीस तर गाडी पेटेल, माणूस जाईल."

"म्हणून मी धसमुसळा."

"काहीतरी सांगायला हवं होतं."

नर्सबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "याला रंगांधळेपणा म्हणतात. जन्मापासून असतो, आईच्या बाजूने येतो, पुरुषांत खूप असतो. तुमच्या कोणा मामांना असेल. आजार नाही तो, मिस्त्री. आमच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, पाच मिनिटांत सांगतील."

धाकटा बायकोला घेऊन त्याच दुपारी गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक धरलं. प्रत्येक पानावर आकडा होता म्हणे. पहिल्या पानावरचा त्याला दिसला. पुढच्या पानांवर नुसती खडी पसरलेली दिसली. शेजारी बसलेली बायको प्रत्येक पानावर हळूच आकडा पुटपुटत होती आणि मग आपणच ओठ आवळून घेत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध नाही, वाढणार नाही, कमीही होणार नाही. यावर समाधान मानावं की काय करावं, हे त्याला ठरवता आलं नाही.

परतताना तो रस्त्याने सगळीकडे बघत होता. दुकानांची दारं, लोकांचे कपडे, भिंतींवरच्या जाहिराती. बायकोला विचारावं असं दर पावलाला वाटत होतं आणि विचारलं तर कुठे थांबायचं हे कळत नव्हतं. शेवटी त्याने एकच विचारलं, "तुझा हा स्वेटर?"

"हिरवा. तुम्हीच आणला होतात."

"मी तपकिरी म्हणून आणला होता."

"हो, तेव्हा म्हणाला होतात खरं," ती म्हणाली. "मला वाटलं, बोलायच्या भरात चुकला असाल."

गॅरेजात थोरला पट्टी मांडीवर घेऊन बसला होता. धाकट्याने ती काढून घेतली.

"मी करणार."

"अरे पण..."

"हात माझे ठीक आहेत ना? का तेही काही आहे जे मला माहीत नाही?"

थोरला बाजूला सरकला. बायकोने येताना दुकानातून आणलेल्या मूठभर टोप्यांतून हिरव्या निवडून एका वाटीत काढल्या, लाल उचलून दुसरीकडे ठेवल्या. धाकट्याने वाटीतल्या घेतल्या, पाव फेरा, पाव फेरा करत होल्डर बसवले, पट्टी जागेवर दाबली. शटर खाली ओढलं. नर्सबाई आत बसल्या.

"आता?" त्याने विचारलं.

"सगळे हिरवे."

त्याने वाकून बघितलं. काल दिसत होते तसेच आजही दिसत होते. मंद असलेले दोन-तीन तेवढे उजळ झाले होते. बाकी काय बदललं ते त्याला बाईंच्या शब्दावर मान्य करावं लागलं. शटर वर केलं आणि नर्सबाई गाडी घेऊन गेल्या.

त्यानंतर चार दिवस धाकटा भावाशी कामापुरतं बोलला. भावाने आपल्याला मारातून, अपमानातून वाचवलं, हे त्याला पटत होतं. त्याच भावाने सत्तावीस वर्षं आपल्याच हातांवरचा आपला भरवसा घालवला, हेही तितकंच खरं होतं. पहिलं आठवलं की उठून त्याच्यासाठी चहा आणावासा वाटे, दुसरं आठवलं की पाना आपटावासा वाटे. एकदा त्याने दोन्ही केलं, आणि थोरल्याने निमूटपणे चहा घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी दोघं दारात उभे होते. धाकटा वर बघत म्हणाला, "आपली पाटी. रंग मीच आणला होता."

"हो."

"कुठला आहे?"

"तू सांगितलंस चॉकलेटी. डबा आणलास हिरवा."

"आणि तू तसाच लावलास?"

"तू खुशीत होतास," थोरला म्हणाला. "मी ब्रश घेतला आणि लावला."

धाकटा बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. त्याला ती अजूनही चॉकलेटीच दिसत होती, आणि चांगलीही दिसत होती. राग आला होता तो नेमका कुठे गेला ते त्याला सापडेना. आतमध्ये एका गाडीचं इंजिन थंड व्हायला ठेवलं होतं. तो आत गेला, झाकण उघडलं आणि तेलाचा थेंब बोटांवर घेतला.